रविवारचा मधला तास

५ जानेवारी, रविवार

समुपदेशक बाईंनी वही ठेवायला सांगितलं आहे. त्यांच्यासमोर मी सारखं 'आधी माझं ऐकून घ्या' म्हणत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहीत जा. वही मध्ये तोंड घालत नाही." बाई तशा खोचक आहेत.

तर लिहितो. न्यायालयाने आम्हा दोघांचं संमतीपत्र मंजूर केलं. ठमी, म्हणजे आमची लेक, घरातच राहणार. तिची खोली, तिची शाळा, तिचं कपाट, सगळं जिथल्या तिथे. घर सोडायचं आणि घरात यायचं ते आईबापांनी. एक आठवडा मी, एक आठवडा ठमीची आई. ज्याची पाळी नसेल त्याने आपली सोय बघायची. मी ताईच्या घरी, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर. ठमीची आई तिच्या आईकडे.

कल्पना माझी होती. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ठमीची आई सगळीकडे ती तिची होती म्हणून सांगत फिरते. पोरीने पाठीवर बिऱ्हाड घेऊन या घरातून त्या घरात हिंडायचं, हे मला पटत नव्हतं. "माझी मुलगी बॅग भरणार नाही," असं मी न्यायाधीश बाईंना स्पष्ट सांगितलं आणि ठमीची आई कित्येक वर्षांनी माझ्या हो ला हो म्हणाली. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "सहा महिने करून बघा. जमलं तर ही अठराची होईपर्यंत हेच पक्कं करू. नाही जमलं तर दुसरी वाट काढू."

आम्हा दोघांना एकमेकांचं तोंड बघायला लागू नये याचीही सोय आहे. रविवारी अकरा ते बारा ठमी पोहायला जाते, कॉलनीच्या मागेच तलाव आहे, एकटी जाते. ती बाहेर पडली की घरात असेल त्याने निघायचं, आणि बाराला दुसऱ्याने यायचं. मधला एक तास घर रिकामं.

मी लोकांना गाडी शिकवतो. माझ्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याचा, एक माझा, आणि स्टिअरिंग एकच. आमची व्यवस्था साधारण तशीच झाली आहे. चालायला हरकत नाही.

१९ जानेवारी, रविवार

दुसऱ्यांदा आलो. एका आठवड्यात त्या बाईने घराची पार रया घालवली आहे. माझी आरामखुर्ची खिडकीपाशी असते, ती भिंतीला लावून ठेवलेली. रेडिओ कपाटावर, उलटा. माझा चहाचा मग सापडेना. शेवटी वरच्या फळीवर मोठ्या पातेल्याच्या मागे मिळाला, जसा काही चोरीचा माल. न्हाणीघराच्या आरशावर टिकल्या. मी त्या आरशात दाढी करायची कशी?

मी मात्र काही बोललो नाही. फोन नाही, निरोप नाही. ठमीला सांगितलं तेवढंच. खुर्ची सरकवताना, चहाचा मग काढताना, टिकल्या खरवडताना. ती ऐकत होती. पोर समजूतदार आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तेच. खुर्ची भिंतीला. डोकं फिरलं. संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर आणलं आणि ठमीला एकेक दाखवत होतो, हे बघ, हे बघ. ती म्हणाली, "आई पण गेल्या रविवारी हेच करत होती. उलटं."

"ती काय म्हणत होती?"

"तुझे दाढीचे केस बेसिनमध्ये होते. आणि मोरी."

मोरी मी घासत नाही हे खरं आहे. पण म्हणून ते पोरीला सांगायचं? काही बायकांना पोच नसते.

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेतून ठमीला गणिताच्या वहीवर शेरा. काल गृहपाठ केलाच नाही म्हणे. मी विचारलं, का नाही केलास? म्हणाली, "तू बोलत होतास." मुलांना निमित्त काय, काहीही पुरतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज एक आश्चर्य. दार उघडलं तर खुर्ची खिडकीपाशी. उशी पाठीला, मला लागते तशी, उभी. रेडिओ टेबलावर, माझ्याच केंद्रावर लावलेला. चहाचा मग ओट्यावर, धुतलेला. आरशावर एक टिकली नाही.

मी बराच वेळ खुर्चीत नुसता बसून होतो. ठमी पोहून आलेली होती, केस पुसत म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, बस.

आज दिवसभर आमचं छान चाललं. तिला एक कोडं घातलं, ते तिला आलं नाही, मग मलाही आलं नाही. हसलो.

२ मार्च, रविवार

परत तसंच. सगळं माझ्या मनासारखं. एकदा झालं तर चुकून म्हणावं. दोनदा झालं म्हणजे कोणीतरी मनावर घेतलं आहे.

स्वयंपाकघरात ओट्यावर अंधार असतो म्हणून ठमीची आई लग्नापासून कानीकपाळी ओरडत होती. आज मी तिथे चांगला पांढरा बल्ब लावला. शब्दाला शब्द नको, कामाला काम.

तलावात हल्ली औषध घालत नाहीत वाटतं. ठमीच्या केसांना पूर्वी क्लोरीनचा भपकारा यायचा, आज नुसता फिनेलचा आला. तिला म्हटलं, तुमच्या सरांना सांग, पाणी स्वच्छ ठेवा. ती "हो" म्हणाली आणि आत गेली.

१२ मार्च, बुधवार. ताईकडे

ठमीच्या आईचा निरोप आला. आपणहून! 'खिडकीची जाळी धुतलीस, बरं वाटलं.'

जाळी मी धुतलेली नाही. जाळी धुतात हेच मला माहीत नव्हतं. पण लक्षात आलं, तिला बोलायचं आहे आणि थेट बोलणं जमत नाही, म्हणून काहीतरी निमित्त काढलं. मी उत्तर पाठवलं, 'त्यात काय एवढं.' उगाच नाही कशाला म्हणा.

ताईला दाखवलं. ताई म्हणाली, "अरे येड्या, तुला सोडून गेलेली बाई तुझी खुर्ची खिडकीपाशी कशाला लावेल?"

म्हटलं, "माणूस बदलतो."

"कोण, ती की तू?"

"दोघं."

ताई हसली आणि भाजी निवडत बसली. तिला पहिल्यापासून सगळ्यांची थट्टा करायची खोड आहे.

३० मार्च, रविवार

जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. "तुमची लेक फार गुणाची हो. घर कसं आरशासारखं ठेवते." काकूंना ऊठसूट कोणाचं ना कोणाचं कौतुक असतं. ठमी आणि घर! तिची खोली बघितली नाही काकूंनी. खरंच, हल्ली तीही आवरलेली असते. आईचं वळण.

ठमी दुपारी जेवता जेवता पेंगली. पोहणं अंगावर येतं. पूर्वी पोहून आली की भिंती चढायची. वय वाढतं तसं होत असेल.

१३ एप्रिल, रविवार

नवा शर्ट घेतला. निळा. ठमीच्या आईला निळा आवडायचा. आठवडा संपल्यावर तो मुद्दाम खुंटीवर ठेवून जाणार आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

आज एका निवृत्त दातांच्या डॉक्टरांना उलटी गाडी घ्यायला शिकवत होतो. ते सारखे पुढे बघत होते. म्हटलं, आरसा बघा डॉक्टर, आरसा! ते म्हणाले, आरशात मीच दिसतो. सीट मागे घेऊन दिली.

शर्ट खुंटीवर नव्हता. कपाटात घडी घालून ठेवलेला मिळाला. म्हणजे तिने हाताळला. मला बरं वाटलं, लपवून काय करायचं?

१५ मे, गुरुवार

समुपदेशक बाईंकडे जाऊन आलो. व्यवस्था कशी चालली आहे? म्हटलं, लोण्यासारखी. भांडण नाही, तक्रार नाही, उलट दोघांमध्ये पुन्हा सूत जुळू लागलं आहे. बाईंनी मान वर केली. "असं त्या म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला हवं? दिसतं."

"आणि मुलगी?"

"तिचा काय प्रश्न? ती तर घरातच आहे."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मी पुढच्याच महिन्यात ठमीच्या आईशी बोलणार आहे. न्यायालयात जाण्याआधी. हे आठवड्याचं येणं-जाणं पुरे, दोघंही एकदमच राहू, असं सरळ म्हणणार. हो म्हणाली तर न्यायाधीश बाईंना त्यांचा कागद परत देऊन टाकू. नाही म्हणाली तर मला काय वाटेल ते आत्ता लिहिता येत नाही.

२७ मे, मंगळवार

ठमी म्हणाली, तिची मैत्रीण सुट्टीत आजीकडे गेली, तिच्याकडे चाकांची बॅग आहे. मस्त आहे म्हणे, नुसती ओढायची. म्हटलं, तुला कशाला बॅग? तू कुठे जाणार आहेस?

म्हणाली, "कुठेच नाही."

६ जून, शुक्रवार. ताईकडे

सिग्नलला शेजारी स्कूटरवर पोहण्याचे सर. काच खाली केली तर ते म्हणाले, "काय हो, पोरीला का काढलंत? पाठीवरचं इतकं सुरेख पोहायची. संघातली जागा ठेवली होती तिच्यासाठी, किती दिवस ठेवणार? फेब्रुवारीपासून पत्ता नाही."

मी म्हटलं, दर रविवारी तर येते. ते म्हणाले, "माझ्याकडे नाही येत." सिग्नल सुटला. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाने गाडी तीनदा बंद पाडली, पण त्याला बोललो नाही.

ठमीच्या आईला फोन केला. ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांसमोर पोहण्याची पिशवी घेऊन जाते. तुझ्या आठवड्यात बुडवत असेल." म्हटलं, माझ्यासमोर पण पिशवी घेऊनच जाते. मग ती म्हणाली, "आणि मी येते तेव्हा केस ओले असतात तिचे." माझ्याही येण्याच्या वेळी असतात.

बारा वर्षांची पोर रविवारी तासभर जाते कुठे? परवा मी बाराची वाट बघणार नाही. कागदावर काय ते असू दे.

८ जून, रविवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

कॉलनीच्या फाटकाशी उभा होतो. अकराला ठमी पिशवी घेऊन खाली आली आणि तलावाच्या बाजूला वळली. थोड्या वेळाने तिची आई बॅग घेऊन निघाली, रिक्षात बसली, गेली. रिक्षा वळली आणि ठमी गाड्यांच्या मागून परत आली. जिना चढून वर गेली. मी थोडा थांबलो, मग मागोमाग गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत जे घर होतं त्यात मी कधी राहिलो नव्हतो. पडदे ओढलेले, टेबल खिडकीपाशी, त्यावर पुस्तकं, जमिनीवर सतरंजी. माझी खुर्ची भिंत आणि खिडकी यांच्या अधेमधे, ओढता ओढता सोडलेली. खाली एक पुठ्ठ्याचं खोकं. त्यात माझा मग, माझा रेडिओ, माझ्या सपाता, माझा टॉवेल. शेजारी ठमीच्या आईचा कप, तिचा कंगवा, तिचं पायपुसणं. ते सगळं त्याच खोक्यात जायची वाट बघत असावं.

ठमी न्हाणीघरात आरशावरच्या टिकल्या नखाने काढत होती. मला बघून दचकली नाही, चिडली.

"तू लवकर कसा आलास? बाहेर थांब ना बाबा. अजून झालं नाही."

"काय झालं नाही?"

"तुझं घर."

मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर टेकलो. विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, रविवारी रविवारी. तुम्ही बदलता तेव्हा. आणि पोहणं? "त्याच वेळेला असतं ना," असं म्हणाली, मी नवशिक्यांना गिअर समजावून सांगतो तशा आवाजात.

"कोणी सांगितलं होतं तुला हे करायला?"

"कोणी नाही. तू आलास की पहिला अख्खा दिवस खुर्ची, रेडिओ, आरसा. आई आली की मोरी, जाळी, दाढीचे केस. मला मग काही सुचायचं नाही. एकदा मी आधीच सगळं करून ठेवलं, तर तू काहीच बोलला नाहीस. आई पण नाही. तुम्ही चांगले वागता असं केलं की."

"आणि तुझे ओले केस?"

"नळाखाली धरते."

मी म्हटलं, "ठमे, अगं, हे सगळं आम्ही तुझ्यासाठीच केलं होतं. तुला बॅग भरायला लागू नये म्हणून."

"माहितीये." टिकली तिच्या बोटाला चिकटली होती, ती तिने फरशीच्या कडेला पुसली. "पण तुम्हाला दोघांना एक-एक आठवडा सुट्टी असते. तू आत्याकडे जातोस, आई आजीकडे जाते. मला कधी असते?"

मला रडू आलं. ठमीसमोर आलं. ती घाबरली आणि म्हणाली, "खुर्ची लावू का आधी?" तेव्हा मी तिला जवळ घेतलं, तिच्या हातांना फिनेलचा वास येत होता. फिनेलचाच. मार्चमध्ये मला तो आला होता.

खुर्ची तशीच अधेमधे ठेवली. तिला जाता-येता ठेचकाळतो आहे.

९ जून, सोमवार

ठमीची आई दवाखान्यात एक्स-रे काढते. तिच्या जेवणाच्या सुट्टीत गेलो. बाहेरच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. मग म्हणाली, "मोरी तू घासत नव्हतास?"

"नाही."

"जाळी?"

"नाही. तू खुर्ची खिडकीपाशी लावत नव्हतीस?"

"वेडा आहेस का? मी कशाला लावू?"

"ओट्यावरचा बल्ब मी लावला होता."

"तो आठवड्यात गेला. मी नवा आणला."

म्हणजे सहा महिन्यांत मी तिच्यासाठी एक बल्ब लावला, तोही टिकला नाही. ती हसायला लागली. "मी आईला सांगत होते, माणूस सुधारला हो." म्हटलं, मी ताईला तेच सांगत होतो. मी पण हसलो. मग तिने दोन्ही हात डोळ्यांवर धरले आणि ते बराच वेळ काढले नाहीत.

मी बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते आता काय बोलायचं? तरी विचारलंच. "आणि मी खरंच सुधारलो असतो तर?"

तिने विचार केला. खोटं बोलली असती तरी चाललं असतं. म्हणाली, "घर आवरलेलं बघून बरं वाटायचं. पण अकराला जिना उतरताना त्याहून बरं वाटायचं."

तोंडात मारल्यासारखं झालं. आतून कोणीतरी तिला हाक मारली, ती उठून गेली.

२६ जून, गुरुवार

न्यायाधीश बाईंनी ठमीला एकटीला आत बोलावलं. आम्ही बाहेर, एकाच बाकावर, मध्ये ठमीची पाण्याची बाटली. बराच वेळ लागला. आतून एकदा दोघींच्या हसण्याचा आवाज आला.

मग आम्हाला आत घेतलं. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "या व्यवस्थेबद्दल दोघांचीही एक तक्रार नाही. मी नोकरीत असं पहिल्यांदाच बघते आहे." आम्ही माना खाली घातल्या. "मुलीचं म्हणणं मात्र वेगळं आहे. तिला दोन घरं हवीत. तुमचं तुमच्यासारखं, यांचं यांच्यासारखं. ती जाईल-येईल. आणि तिला एक बॅग हवी आहे."

"चाकांची," ठमी म्हणाली.

न्यायाधीश बाईंनी जुना कागद उलटला. मला वाटलं, आता माझं ते बॅगेचं वाक्य वाचून दाखवतात. नाही वाचलं. मला विचारलं, "तुमची हरकत?"

म्हटलं, "नाही."

घर ठमीच्या आईकडे राहील. मी दोन गल्ल्या सोडून एक खोली बघितली आहे.

६ जुलै, रविवार

सकाळपासून खोली झाडतो आहे. मोरी घासली. मोरी घासायला किती वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं, आणि पाठ धरते. खुर्ची खिडकीपाशी लावली. मग म्हटलं, बघू तिला कुठे आवडते, म्हणून परत मध्ये आणली.

बारा वाजून गेले तरी ठमी येईना. तलावाकडे जाऊन बघावं असं तीनदा वाटलं. गेलो नाही. अकरा ते बारा तिला कोणी काही विचारायचं नाही, असं तिने न्यायाधीश बाईंकडून कागदावर लिहून घेतलं आहे. बारानंतरचं काही लिहिलेलं नाही, पण तरी गेलो नाही.

मग जिन्यावर खडखड ऐकू आली. एकेका पायरीवर आपटत बॅग वर येत होती. मी उचलायला धावलो तर म्हणाली, "नको, माझी आहे."

केस ओले होते आणि क्लोरीनचा असा भपकारा की नाक धरावं. सरांनी परत घेतलं आहे, संघात मात्र नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. त्याचं तिला वाईट वाटलं आहे. मलाही. तिची ती जागा माझ्या खुर्चीपायी गेली.

तिने खोली बघितली. बॅग दारातच आडवी टाकली, पोहण्याचा ओला पोशाख माझ्या खुर्चीच्या पाठीवर फेकला, ओला टॉवेल माझ्या गादीवर, आणि त्याच्या शेजारी पालथी पडून म्हणाली, "भूक लागली."

मी तोंड उघडलं. मग मिटलं. टॉवेल उचलून दोरीवर टाकला आणि तिच्यासाठी अंडी करायला घेतली.